पडत्या विमानातला आवाज

मी आवाज देण्याचं काम करते. एखाद्या कंपनीला फोन लावला की ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी जी बाई असते, ती कधीकधी मी असते. कारखान्यातल्या नव्या कामगारांना यंत्राजवळ सैल कपडे घालू नका असं सांगणाऱ्या फिल्ममध्येही मी असते. मूळची यवतमाळकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा धायरीत घर घेतलं, आणि अजून तिथेच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर काका-काकू राहतात. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी हवाई दलात लढाऊ विमान चालवते. काकू त्याचा कधी गाजावाजा करत नसत. कुणी विचारलंच तर ‘सरकारी नोकरीत आहे’ म्हणून विषय संपवायच्या. मी नवी असताना माझ्या बोलण्यात ‘पानी’ आणि ‘कोनी’ फार यायचं. एकदा मी त्यांना सांगितलं, उद्या कामासाठी लोनी काळभोरला जायचंय. काकू म्हणाल्या, “अगं, लोनी नावाचं गाव या जिल्ह्यात तरी नाही. लोणीला जा, ते सापडेल.” तेव्हापासून संध्याकाळी चहाला बोलावून त्या माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. कुठे थांबायचं, शब्दाचं शेवटचं अक्षर कसं गिळायचं नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. काका म्हणायचे, “आता डोळे मिटले तर मला वाटतं आमचीच बोलतेय.” आम्ही हसायचो.

हडपसरच्या एका छोट्या स्टुडिओने मला बोलावलं ते एका व्हिडिओ गेमसाठी. विमानांच्या लढाईचा खेळ होता. दोन देश, मधे समुद्र आणि थोडी बेटं, सगळं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून रचलेलं. खेळ सुरू होतो तेव्हा युद्ध आधीच पेटलेलं असतं. खेळणाऱ्याच्या शेजारून उडणाऱ्या विमानात एक बाई असते, तिचा आवाज माझा. ‘डावीकडे बघ’, ‘मागे आहे तो’, असलं सगळं इंग्रजीत म्हणायचं. खेळणारा वेळेत मदतीला आला नाही तर तिचं विमान पडतं. ते पडणंही मलाच बोलायचं होतं.

ते काही केल्या जमेना. काम बघणारी मुलगी काचेपलीकडून म्हणाली, “मॅडम, तुम्ही घोषणा केल्यासारखं मरताय.” मग तिने माझ्या खोलीतला दिवा घालवला आणि कानात इंजिनाचा आवाज वाढवत नेला. म्हणाली, “विमान पेटलंय. धूर आत आलाय. इंग्रजी सोडा, तुमच्या भाषेत जे येईल ते येऊ द्या.”

अंधारात मला खरंच गुदमरल्यासारखं झालं. टेबलाची कड हाताला लागली ती मी घट्ट धरली. तोंडातून आलं, “आई, काही दिसत नाहीये गं. आई, ऐकतेस ना? आई—” आणि पुढे नुसता श्वास. दिवा लागला. काचेपलीकडून मुलीने फक्त अंगठा वर केला. घरी आल्यावर नवऱ्याला एवढंच सांगितलं की काम झालं.

पुढे गेम बाजारात आला, त्यात ती मराठी ओळ तशीच ठेवली होती. फार काही चालला नाही, आणि मी तो विसरूनही गेले.

मग सीमेवर वातावरण तापलं. रोज बातम्या, रोज नवे नकाशे. आमच्या सोसायटीत लोकांनी गहू-तांदूळ भरून ठेवले, कुणीतरी खिडक्यांना काळे कागद लावायचे का म्हणून विचारायला लागलं. लोहगावच्या हवाई तळावरून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं की आधी कुणी वरही बघत नसे, आता रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. काकूंकडे जायला मला अवघडल्यासारखं व्हायचं. त्यांच्या मुलीचा फोन त्या दिवसांत बंद असे. काकू विचारू देत नसत. “तिचं काम ती करते, आपलं आपण करू,” म्हणून हातात पुस्तक द्यायच्या.

अशातच एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन आले. खाली पार्किंगमध्ये वॉचमन आणि सोसायटीतले चार-पाच जण एका मोबाइलभोवती उभे होते. मी स्कूटरला लावलेली पिशवी काढत होते आणि मला ऐकू आलं, “आई, काही दिसत नाहीये गं.”

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची मला सवय आहे, त्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही. मी जवळ गेले. पडद्यावर निळं आकाश, पेटलेलं विमान गिरक्या घेत खाली चाललेलं. खेळातले आकडे-बिकडे सगळे कापून टाकलेले आणि चित्र मुद्दाम धूसर केलेलं. खाली लिहिलं होतं, आपल्या मराठी लेकीचे शेवटचे शब्द, शेअर करा. एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. वॉचमनने टोपी काढून हातात घेतली होती.

“हे खरं नाहीये,” मी म्हणाले.

“मॅडम, सगळीकडे आलंय,” वॉचमन म्हणाला. “खोटं कसं असंल?”

आणि मग त्यांच्यातल्या एकाने हळूच वर बोट केलं, काकूंच्या खिडकीकडे. “त्यांची मुलगी नं? तीच असेल का हो?”

मी जिना चढून आधी घरात गेले. नवऱ्याला क्लिप दाखवली. त्याने दोनदा ऐकली आणि त्याचा चेहरा उतरला. “तू गप्प बस,” तो म्हणाला. “कुणाला कळता कामा नये तुझा आवाज आहे. लोक सध्या भडकलेत. म्हणतील हिनेच पसरवलं. पोलीस दारात येतील.”

“पण वर काकू...”

“काकूंनी बघितलं नसेल तर?”

मलाही तसंच मानायचं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायला बसले. तेवढ्यात वरून तो आवाज आला. छतातून, बारीक, पण नक्की तोच. थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा. कुणीतरी ती क्लिप संपली की परत लावत होतं. मी उठले. नवरा माझ्या मागून आला.

काकूंचं दार उघडंच होतं. काका फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. लागत नव्हता, ते पुन्हा लावत होते. काकू सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. मोबाइल दोन्ही हातांत, कानाजवळ. केस विंचरायचे राहिले होते, एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

“काकू, तो आवाज माझा आहे,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ऐकलं नसावं. मी पुन्हा सांगितलं. हडपसर, स्टुडिओ, गेम, सगळं एका दमात. काका थांबले. अतिशय हळू आवाजात म्हणाले, “बाळा, तुझं मन चांगलं आहे. पण असा खोटा धीर देऊ नये.”

“काका, खरंच...”

“आईला मुलीचा आवाज कळत नाही का?” काकू म्हणाल्या. “‘ऐकतेस ना’ कसं म्हणतेय बघ. लहानपणी शाळेतून आली की दारातून असंच ओरडायची.” आणि त्यांनी ते परत लावलं.

नवऱ्याने विचारलं, तुझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग आहे का? नव्हतं. मग मी म्हणाले, “मी बोलून दाखवते.”

काकूंनी मोबाइल मांडीवर ठेवला. “दाखव.”

मी त्यांच्याकडे पाठ करून जेवणाच्या टेबलापाशी उभी राहिले, कारण तोंडाकडे बघून ते म्हणणं मला शक्य नव्हतं. म्हटलं कसंबसं. ते इतकं खोटं आलं की मलाच लाज वाटली.

“नाही,” काकू मागून म्हणाल्या. “हा नाही. ही वेगळी आहे.”

त्यांच्या आवाजात पूर्ण खात्री होती. वाटलं, आपलं चुकलं असेल तर? ती क्लिप खरंच दुसऱ्या कुणाची असेल, आणि या बाईची मुलगी कुठेतरी समुद्रात पडली असेल, आणि मी इथे नाटक करतेय. मी टेबलाची कड धरली आणि डोळे मिटले. या वेळी शब्द आठवावे लागले नाहीत. “आई, काही दिसत नाहीये गं. आई, ऐकतेस ना? आई—”

“पुरे!” काकू किंचाळल्या. “पुरे, पुरे, बंद कर.”

मी वळले. काकांनी भिंतीला हात टेकला होता. काकूंनी कानांवर हात ठेवले होते आणि माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांना मारायला आले आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतले.

“म्हणजे ती ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “हो ना?”

आणि मला हो म्हणता येईना. आवाज माझा आहे एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या मुलीबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी नुसती त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या सरकून बसल्या, माझ्यापासून जरा लांब.

दुपारभर आम्ही दोघं तिथेच होतो. नवऱ्याने खाली जाऊन लॅपटॉप आणला, गेम विकत घेऊन उतरवून घेतला आणि काकांना तो प्रसंग खेळून दाखवला. तेच निळं आकाश, तेच विमान, तोच आवाज. काका चष्मा लावून अगदी जवळून बघत होते. एकदा झाल्यावर म्हणाले, पुन्हा दाखव. मग विचारलं, “ही लढाई शेवटी जिंकतं कोण?”

“खेळणाऱ्यावर असतं, काका.”

“आणि ही मुलगी वाचते का कधी?”

“वेळेत पोहोचलं तर वाचते.”

“मग तसं खेळ,” काका म्हणाले.

नवरा अशा खेळांत अगदीच कच्चा. चार वेळा ते विमान पडलं. प्रत्येक वेळी तो घाईघाईने आवाज बंद करायचा आणि प्रत्येक वेळी ‘आई’ एवढं तरी निसटायचंच. काकू आतल्या खोलीत जाऊन पडल्या. पाचव्या वेळी कसंतरी जमलं, आणि शेजारचं विमान ढगातून सरळ निघून गेलं. काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

संध्याकाळी मी वरणभात करून नेला. कुणी जेवलं नाही. वरून एक विमान गेलं तेव्हा काकू खोलीतून बाहेर आल्या, आवाज पूर्ण विरेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि परत आत गेल्या.

मुलीचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी, मी वर चहा घेऊन गेले होते तेव्हाच. काकांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून घेतला काकूंनी. आणि म्हणाल्या काय, तर, “जेवलीस का? ... हो, मी पोहे केलेत. ... नाही गं, मला काय होतंय? ... बरं, ठेव.” पोहे काही केलेले नव्हते. फोन ठेवला आणि त्या खाली फरशीवरच बसल्या. मग रडल्या, तोंडात पदर धरून. माझा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं होतं. पडला नाही. उद्या काय, हा प्रश्न त्या खोलीत तसाच होता.

स्टुडिओने खुलासा टाकला, नवऱ्याने पोलीस चौकीत जाऊन सगळं आधीच सांगून ठेवलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ती क्लिप आमच्या घरीही आली होती, बायको रडत होती. पण क्लिप फिरायची थांबली नाही. फिरत फिरत माझ्या माहेरी पोहोचली. आईचा फोन आला, ती भयंकर चिडली होती. “अवं, हा तुहा आवाज व्हय ना? कायले असं बोलून ठेवलं तू?” तिने एका शब्दावर ओळखलं होतं. असलं काम पुन्हा करणार नाही म्हणून मला शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

तणाव निवळल्यावर काही महिन्यांनी काकूंची मुलगी रजेवर आली. उंच, शांत, केस अगदी बारीक कापलेले. काकूंनी मला चहाला बोलावलं. त्या रविवारनंतर वाचन बंदच पडलं होतं. जिन्यावर मी हाक मारली की काकू दचकायच्या, म्हणून मी हाक न मारता बेल वाजवायला लागले होते.

मुलीने क्लिप ऐकली होती. हसून म्हणाली, “ताई, तुम्ही छान केलंय. पण आमच्यात असं कुणी ओरडत नाही.”

“मग?”

“आवाज सपाट असतो. रेल्वेत पुढचं स्टेशन सांगतात ना, तसा. उंची किती, इंधन किती, काय बिघडलं. तेवढंच बोलायचं शिकवलेलं असतं. शेवटपर्यंत.”

काकू बशी घेऊन दारात उभ्या होत्या. हे त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मुलीलाही कळलं असावं, तिने पटकन बशी हातातून घेतली आणि चिवडा कुणी केला म्हणून विचारलं.

“दुकानातला आहे,” काकू म्हणाल्या. “तुझ्यासाठी चिवडा करत बसायला मी रिकामी नाही.”

मी निघाले तेव्हा ती मुलगी जिन्यापर्यंत आली. मी तिला विचारलं, भीती वाटते का. तिने दार नीट लोटून घेतलं, आतलं ऐकू जाऊ नये म्हणून.

“वाटते की,” ती म्हणाली. “पण खाली उतरल्यावर. वर असताना वेळ नसतो.” मग म्हणाली, “आईला सांगू नका. तिला वाटतं मला वाटतच नाही.”

मी सांगितलं नाही. रजा संपवून ती गेली त्या दिवशी दुपारी काकूंनी मला पुस्तक घेऊन वर बोलावलं. मी वाचत होते, त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मधे मी दोनदा शब्द चुकले. त्यांनी सुधारले नाहीत.