येते हं

चित्रांच्या संग्रहालयात मी पहिल्यांदाच गेले होते. चित्रं कशी बघायची असतात ते ठाऊक नव्हतं. हनुवटीला हात लावून मान डोलवणं मला काही जमेना, म्हणून परक्याच्या घरात फिरावं तशी ओशाळत भिंतीभिंतीने पुढे सरकत राहिले.

शेवटच्या दालनात नक्षीच्या खुर्चीत एक नऊवारीतली बाई बसली होती. खाली पाटीवर एवढंच: ‘अज्ञात स्त्री’. नाव गेलं, चित्र काढणारा गेला, तीही गेली. नाकातली नथ मात्र अजून रंग ओला असावा तशी चमकत होती. तिची नजर माझ्यावरून हलेना. मेलेली माणसं कुठे जातात, असं आपण विचारतो. बहुधा ती कुठेच जात नसावीत. कुणीतरी येऊन समोर उभं राहील, याची वाट बघत बसत असावीत.

“मॅडम, चला, बंद करायची वेळ झाली,” रखवालदार म्हणाला.

मी पदर सावरला आणि सवयीने तिला म्हणाले, “येते हं.”

रखवालदार हसला. “कुणाला म्हणालात?”

मला हसू आलं नाही. निघताना ‘जाते’ म्हणणं अशुभ, म्हणून आपण ‘येते’ म्हणतो. आजवर हा शब्द मी जिवंत माणसांनाच दिला होता.

दारातून मागे वळून पाहिलं. मघाशी तिच्या डोळ्यांपुढे बाकी काही दिसलंच नव्हतं. तिच्या शेजारी तशीच नक्षीची आणखी एक खुर्ची रंगवलेली होती. रिकामी.