पाठमोरी आक्का

आक्का वर्षभर त्या पुलासमोर बसली, पण पुलाकडे पाठ करून. साताऱ्याच्या अलीकडे, मीटरगेजची छोटी गाडी जाऊन मोठी लाइन यायची होती. तिच्यासाठी आमच्या दरीवर उंच खांबांचा नवा रेल्वेपूल उभा राहत होता. आजूबाजूच्या गावांतून माणसं तो बघायला भाकरी बांधून येत. आक्का मात्र दरीच्या काठावरच्या उंच कडुलिंबाखाली, खांबांकडे पाठ करून वाकळ शिवत बसायची. कामावरच्या लोकांनी तिचं नावच पाठमोरी आक्का पाडलं होतं.

ती माण तालुक्यातली. तिकडे पाऊस नव्हता, म्हणून तिचा मुलगा नामदेव या कामावर आला. त्याच्यामागून तीही आली. सकाळी ती नामदेवच्या टोळीच्या भाकऱ्या थापायची, दुपारी लिंबाखाली यायची. माझे वडील त्या पुलाचे इंजिनियर होते. पाचगणीची इंग्रजी शाळा संपवून मी घरी आले आणि काविळीने आजारी पडले. कॉलेजचं वर्ष गेलं. मला माणसांची भीती वाटे. लिंबाखाली एक न बघणारी बाई बसते, एवढ्यासाठीच मी तिथे पुस्तक घेऊन जाऊ लागले.

काही दिवसांनी तिनेच विचारलं, "सायबाची लेक न्हवं तू? जरा वर बघ. तांबडं मुंडासं दिसतंय का?"

दिसत होतं. परांचीच्या टोकावर, आभाळात.

"तुम्ही स्वतः का नाही पाहत?" मी विचारलं.

"परक्याची नजर लागली तर आई काढती. आईचीच लागली तर कुनी काढायची? ल्योक उंचावर आसला की आईनं बघू नये, बाय. तू बघ. तू कोन त्येची?"

तेव्हापासून ते काम माझं झालं. नामदेव कुठे आहे, बसलाय की उभा, काम कितव्या खांबावर आलं, क्रेनने काय उचललं, सगळं मी सांगायचं. सुरुवातीला मी म्हणायचे, "तो मनुष्य आता डाव्या बाजूने चालत आहे." आक्का सुई थांबवून हसायची. "आगं, बातम्या सांगतीस का काय रेडिओवरच्या? मान्सावानी बोल की!" घरी मला कुणी दहा शब्द बोलायला लावू शकत नव्हतं. इथे मी गप्प झाले की तिच्या खांद्यांवर ताण दिसे, म्हणून मी बोलत राही.

एक गोष्ट मात्र मी तिला खरी सांगितली नाही. "पूल केवढा उंच झाला गं?" असं तिने विचारलं की मी म्हणायचे, "आपल्या लिंबाच्या शेंड्याएवढा." दिवसेंदिवस खांब वर जात होते, पण माझ्या सांगण्यातला पूल लिंबापाशीच अडून राहिला.

दुपारनंतर दरीत वारा सुटे. एकदा गर्डर चढवताना असाच वारा आला आणि माझ्या डोळ्यांसमोर ते तांबडं मुंडासं खाली आलं. खालून माणसं ओरडली.

आक्काची सुई थांबली. मान जरासुद्धा वळली नाही.

"काय पडलं?"

मी वर शोधत होते. इतक्या माणसांत मुंडाशाशिवाय मला तो ओळखूच येईना.

"बोल, बाय," ती म्हणाली. तिने डोळे मिटून घेतले होते. "काय आसंल त्ये बोल."

मग दिसला. गर्डरला दोन्ही हातांनी कवटाळून पालथा पडलेला, उघड्या डोक्याचा.

"मुंडासं पडलं, आक्का! मुंडासंच. नाम्या हाय. वर हाय!"

तिची भाषा माझ्या तोंडात कधी आली ते मलाही कळलं नाही. आक्काने डोळे उघडले. "मंग टकुरं जाग्यावर हाय न्हवं? मुंडासं काय, दुसरं बांधंल." ती पुन्हा शिवायला लागली. पण त्या दिवशी घातलेले टाके वाकळीवर नागमोडी गेले, आणि तिने ते उसवले नाहीत.

"त्याला खाली बोलवा ना," मी म्हणाले.

"बोलवीन की. पर तिकडं मान तालुक्यात जाऊन आमी दोघांनी काय आभाळाकडं बघत बसायचं? त्यापरीस हितं पाठ करून बसल्याली बरी."

पुलावरून चाचणीचं इंजिन शिट्टी घालत गेलं, त्या दिवशी काम संपलं. नामदेव लिंबाखाली आला. "आये, आता बघ की," तो म्हणाला. आक्काने आधी त्याचे दंड चाचपले, चेहऱ्यावरून हात फिरवला. मग ती सावकाश वळली. खांबांच्या तळापासून तिची नजर वर चढत गेली, चढतच गेली.

"आगं बया! ह्यो लिंबाएवढा व्हय गं?"

मी खाली बघत उभी राहिले. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "ब्येस केलंस. खरं सांगितलं आसतंस तर रोज भाकरी गिळवली नसती मला."

पुढचं काम मिरजेकडे होतं. टोळी निघाली त्या सकाळी मी ट्रकपाशी गेले. आक्काला पुढे ड्रायव्हरजवळ जागा केली होती. "आवं, पुढं बसा, धक्के कमी लागत्यात," सगळे म्हणाले. तिने ऐकलं नाही. ती मागेच चढली, नामदेवला शेजारी बसवलं, नागमोडी टाक्यांची वाकळ मांडीवर घेतली आणि पुलाकडे तोंड करून बसली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत तिने पुलावरची नजर काढली नाही.