बाळाला सोनं लावू का?

मराठी मंडळातल्या मैत्रिणींनो, कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हे लिहून आपल्या फळ्यावर लावतेय.

इथल्या एका तमिळ चर्चने ख्रिसमससाठी माझ्याकडून येशूजन्माचं चित्र करून घेतलं, आपल्या तंजावरी पद्धतीचं. या चित्रांत देवाच्या अंगावर सोन्याचा वर्ख आणि खडे हवेतच. मी मात्र बाळ उघडंच ठेवलं. गोठ्यात जन्मलेल्या लेकराला दागिने कुठले? वर्ख लावला तो फक्त खालच्या गवताला.

ही कला मला शिकवली माझ्या वडिलांनी, आप्पांनी. आज सकाळी चित्र पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, चर्चवाले म्हणतील, दुसऱ्यांचा देव म्हणून हिने हात आखडला!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी सायकलरिक्षात मांडीवर चित्र धरून गेले. फादरनी चित्र उजेडात धरून पाहिलं. "गवताला सोनं, आणि बाळाला काहीच नाही?"

तेवढ्यात प्रार्थनेला आलेली एक म्हातारी पुढे झाली. तिने आपला खोचलेला पदर सोडून चित्रातल्या बाळावर धरला आणि तमिळमध्ये पुटपुटली, "मार्गळी महिन्याची थंडी पडलीय. याला कुणी पांघरूण नाही का घातलं?"

फादर एवढंच म्हणाले, "उद्या सांगतो."

तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. त्यांनी वर्ख लावायला सांगितला, तर लावू का? मग ती म्हातारी पदर कुणावर धरेल?