पाच बाटल्या गच्चीवर, एक ट्रंकेत

मला थांबता येत नाही. दूध तापत ठेवलं की तेवढ्यात तीन कामं उरकायला जाते आणि दूध उतू घालवते. अशा बाईला वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वाइनचा नाद लागावा हे माझ्या नवऱ्याला फार विनोदी वाटतं. पोटापाण्यासाठी मी एका बिस्किट कारखान्याच्या लॅबमध्ये बिस्किटांचा कुरकुरीतपणा तपासते, आणि रविवारी लोकांना रेड वाइनबद्दल ज्ञान देते. हा ब्लॉग त्या दुसऱ्या उद्योगाचा.

तर अविनाशचा फोन आला. अविनाश माझ्या फूड टेक्नॉलॉजीच्या वर्गातला, शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचा. गेली नऊ वर्षं तो दक्षिण ऑस्ट्रेलियात एका वायनरीत आहे. म्हणाला, आमच्याकडचा जुन्या शिराज वाइनचा साठा कामगारांना स्वस्तात देतायत. तिकडे आता लोकांना ताजी, हलकी वाइन हवी असते, ही पंधरा वर्षांची गडद रेड पडून राहिलीय. ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत असेल तर तो सगळा साठा उचलणार, रीतसर आयात करणार आणि परत येणार. मग पुण्यात आम्ही दोघं मिळून ती विकायची. टिकत नसेल तर तिकडच्या कायमच्या नोकरीचा कागद टेबलावर आहे, त्यावर सही. दोन्हींची मुदत रविवार संध्याकाळ.

टिकते की नाही हे बघायला नमुना तयार होता. याच साठ्यातल्या सहा बाटल्या अविनाशने तीन फेऱ्यांत दोन-दोन करून आणल्या होत्या. पाच न्हावऱ्याला आईकडे, एक दौंडला बहिणीकडे. परत आल्यावर उघडू, असं दर फेरीला ठरायचं आणि राहायचं. पहिल्या जोडीने तर आठ उन्हाळे काढले होते. "तू फक्त जाऊन चाखून सांग," तो म्हणाला. "अजून घेण्यासारखी आहे का, एवढंच."

एवढंच. त्या रात्री मी राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. खरं सांगायचं तर निकाल काय यायला हवा हे मी निघायच्या आधीच ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी वाकडेवाडीहून शिरूरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं म्हणाल तर काहीच नाही. वेळेचं मात्र बोलू नका. वाघोली संपेपर्यंत मी दोनदा उतरून चालत जायचा विचार केला. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले दोन ग्लास, बूच काढायचा स्क्रू आणि गाळ अडवायला चहाची गाळणी. शेजारच्या मावशींनी हे सगळं बघून डॉक्टरीण का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले, कारण खरं सांगायला शिक्रापूरपर्यंतचा रस्ता पुरला नसता. रांजणगावला कारखान्यांची पहिली पाळी उतरली आणि गाडी निम्मी रिकामी झाली.

शिरूर स्टँडसमोर मिसळ चांगली मिळते, पण वाइन चाखायची असेल तर खाऊ नका. मी नुसता पाव खाल्ला आणि चडफडत न्हावऱ्याच्या गाडीची वाट पाहिली. कंट्रोलरना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, तुमी इच्यारल्यानं गाडी लवकर येत न्हाई." हे वाक्य माझ्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

न्हावऱ्याला उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि एप्रिलचं ऊन डोक्यात शिरत होतं. उसाचे फड तुटून गेलेले, कांदा काढून चाळीत गेलेला, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अविनाशचं घर वस्तीवर, बैठं, वर सिमेंटची गच्ची. जिना नाही, भिंतीला शिडी लावलेली. फाटकातूनच मला गच्चीच्या कठड्यावर लोणच्याच्या बरण्या दिसल्या. तोंडाला पांढरी फडकी बांधून ओळीने मांडलेल्या. बाजूला खाटेवर कुरडया वाळत होत्या. अजून जवळ गेले तर ओळीतल्या पाच बरण्या फार उंच आणि फार निमुळत्या होत्या.

मी तिथेच उभी राहिले. एका जागी इतका वेळ उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

अविनाशची आई बाहेर आली. मी तिला कॉलेजपासून मावशी म्हणते. तिने पाणी दिलं, मी काय बघतेय ते पाहिलं आणि कौतुकाने सांगू लागली. पोरगा म्हणाला होता, ही जितकी जुनी होईल तितकी चांगली, नीट जपा. मग तिने जपलं. लिंबाचं लोणचं जसं जपतात तसं. दर चैत्रात महिनाभर सकाळी वर आणि ऊन कललं की खाली. चढवायचं काम आबांचं, म्हणजे अविनाशच्या वडिलांचं. दोन-दोन बाटल्या बादलीत, खाली गोधडीचा तुकडा. एका बाटलीचं बूच उन्हाने वर आलं होतं, ते आबांनी तळहाताने दाबून बसवलं आणि वर फडकं बांधलं.

"ऊन दाखवल्याबिगर जुनं टिकतंय व्हय?" ती म्हणाली. "बुरशी धरती."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? वाइनला अंधार लागतो, गारवा लागतो, आणि निजून राहायला लागतं. हे मी दर रविवारी लोकांना सांगते. अविनाशने आईला सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं, कारण जुनं कसं करायचं हे तिला माहीत होतं.

आबा शिडी चढून दोन बाटल्या घेऊन आले. पहिल्या फेरीतली उरलेली एक आणि शेवटच्या फेरीतली एक. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवतात. मी वर जाते म्हणाले तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओसरीच्या सावलीत बसून मी पहिली उघडली. बूच हाताला लागताच भुगा झाला. गाळणीतून ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या चहाचा. वास काकवीचा, तोही कढईला लागलेल्या काकवीचा. एक घोट घेतला. फळ नाही, आंबटपणा नाही, नुसता शिजलेला मनुका आणि मागून कडवट. दुसरी थोडी बरी असेल अशी आशा होती. तिने फक्त तीन उन्हाळे पाहिले होते. तीही गेलेली.

वाइन चाखताना चेहरा कोरा ठेवायची सवय मी लावून घेतलीय. मावशीने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या पायाकडे बघत होती, जो हलायचा थांबला होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "नासल्यात न्हवं?"

मी म्हणाले, हो मावशी. मग घाईघाईने जोडलं की आपल्याकडच्या हवेत असं होणारच, मी अविनाशला तसंच सांगेन, तुमचं नाव कशाला मधे. मला वाटलं मी फार चांगुलपणा करतेय. पण ती चिडली.

"आसं न्हाई सांगायचं. त्याच्या मालात खोट न्हाई. म्या उन्हात ठिवल्या म्हनून नासल्या, आसं सांग. माझ्या चुकीपायी त्यानं तिकडं सही करू ने."

तेव्हा मला कळलं की तिला सगळं ठाऊक होतं. कागद, मुदत, सगळं. या बाटल्या चांगल्या निघाल्या तर मुलगा परत येणार हे मनात ठेवून तिने या चैत्रातही रोज त्यांना हात लावला होता. मला रडू आलं आणि मी ते ताकाच्या तांब्यात लपवलं. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताज्या कांद्याची भाजी होती. आबा एकच वाक्य बोलले, की दौंडला सुनीकडची एक राहिलीय, ती बघा.

निघताना मावशीने लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली आणि महिनाभर उघडू नको म्हणाली. माझ्याकडे बघून परत म्हणाली, महिनाभर.

न्हावऱ्याहून चौफुल्याला जायला दुपारी एसटी कमी, वडापची जीप सापडते. ती भरेपर्यंत सुटत नाही हे धरून चला. भीमेचा पूल ओलांडून चौफुला, तिथून रिक्षाने केडगाव स्टेशन, मग डेमू. जिथे डेमू उभी राहिली तिथे तिथे मी दारात जाऊन सिग्नल पाहून आले. दौंडला उतरले तेव्हा साडेपाच वाजले होते. वाटेत सुनीताला फोन करून येतेय एवढंच कळवलं होतं.

सुनीता अविनाशची धाकटी बहीण. नवरा रेल्वेत, त्या दिवशी ड्युटीवर. क्वार्टर जुनं, साहेबांच्या काळातलं, हातभर जाडीच्या दगडी भिंती. आत शिरल्यावर पाठीवरचा घाम गार झाला. मी बाटलीचं नाव काढलं तर तिने आधी दार लावलं.

"ताई, हळू बोला. आमच्या ह्यांना अजून म्हाईत न्हाई."

आठ वर्षं माहीत नाही. दादाने पहिल्या फेरीला जाता जाता हातात दिली, तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. सासरचे माळकरी. घरात दारूची बाटली सापडली तर काय, या भीतीने तिने ती लग्नातल्या लोखंडी ट्रंकेत गोधड्यांच्या तळाशी आडवी घातली, वरून शालू, वरून कुलूप, आणि ट्रंक आतल्या खोलीत पलंगाखाली. त्यानंतर तिकडे बघितलंसुद्धा नाही. मी ऐकत गेले आणि मनात एकेक खूण करत गेले. अंधार, गारवा, आडवी, हलवायची नाही. महागडी कपाटं घेऊन लोक हेच करतात.

गोधड्या उपसून बाटली निघाली. बूच अखंड आलं, खालचं टोक गडद लाल. ग्लासात रंग विटेसारखा, कडेला नारिंगी, पण स्वच्छ. वास आला सुक्या अंजिराचा आणि आमच्या आजोबांच्या चंचीतल्या तंबाखूचा. तोंडात घेतल्यावर आधी चव लागलीच नाही, मग हळूहळू उघडत गेली आणि गिळल्यावरही बराच वेळ राहिली. मी इतकी चांगली शिराज वर्षभरात प्यायले नव्हते. सुनीताने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. दादा यासाठी नऊ वर्षं तिकडे बसलाय का, असं तिने विचारलं.

आता मी नाचायला हवं होतं. माल उत्तम, चूक उन्हाची, सही नको, मेल पाठव. पण मी ग्लास तसाच ठेवून अर्धा तास थांबले. हो, मी. प्लॅटफॉर्मपर्यंत दोनदा जाऊन आले, पण थांबले. परत येऊन घोट घेतला तर अंजीर गेलं होतं, तंबाखू फिकट, मागे नुसता आंबटपणा. ही वाइन शेवटच्या वळणावर होती. उघडताच प्यायली तर सोनं. जहाजात महिने, गोदामात वर्ष, मग कुणाच्या तरी फळीवर अजून दोन उन्हाळे, एवढा दम तिच्यात नव्हता. ते मला कळलं आणि कळायला नको होतं.

मुक्काम सुनीताकडेच केला. सकाळच्या पहिल्या डेमूने पुणे, साडेनऊला घरी. नवऱ्याने काय झालं विचारलं, मी हात दाखवून अविनाशला फोन लावला. उभ्यानेच, घरभर फिरत, सगळं सांगितलं. दौंडची सांगितली, तिचा शेवटचा अर्धा तास सांगितला. जुनी घे, पण त्याच आठवड्यात पिणार असशील तर. विकायला ठेवायची म्हणून घेऊ नको. माझ्या धंद्यावर मी स्वतःच्या तोंडाने पाणी फिरवत होते आणि आवाज चढत होता. मग न्हावऱ्याचं सांगितलं, मावशीने सांगितलं होतं तसंच, तिच्या नावासकट.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रोज वर चढवायच्या?"

"चैत्रात रोज. सकाळी वर, संध्याकाळी खाली."

"आपल्या गच्चीला जिना नाही गं," तो म्हणाला. "शिडी आहे."

मी म्हणाले, माहितीय. बादलीतून नेतात. मी फिरायची थांबले.

ब्लॉग वाचून कुणी विचारेल म्हणून लिहून ठेवते. पंधरा वर्षांची ऑस्ट्रेलियन रेड आज घ्यावी का? कुठे आणि कशी ठेवली होती हे विक्रेता सांगू शकत असेल तर एक घ्या, आणि घरी नेऊन उघडा. त्याहून जास्त घेऊ नका. मेल ड्राफ्टमध्ये आहे, बिस्किटं चालू आहेत, आणि मला अजूनही रोज एकदा तो पाठवावासा वाटतो. लोणच्याची बरणी गॅलरीत आहे. उघडलेली नाही.

फोन ठेवायच्या आधी मी अविनाशला विचारलं होतं, उरलेल्या तीन आता खाली उतरवून ठेवायला सांगू का आबांना, उगाच कशाला रोज चढायचं.

"शिडी चढू नका म्हणावं," तो म्हणाला. "बाटल्या वरच राहू देत. मी येऊन उतरवतो."