आजोबांच्या वस्तऱ्याची धार

"दगड आहे तो, पाणी पिणारच," मोरीतून बाबांचा आवाज आला.

"मग दौलताबादला नेऊन सोडा त्याला," आई म्हणाली. "तिथं त्याचे भाऊबंद आहेत. इथं माणसांनाच पुरेना."

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. (घरातली महत्त्वाची बोलणी मी दाराआडूनच ऐकते. समोर बसलं की कोणीतरी माझं मत विचारतं.) बादलीत आजोबांचा धार लावायचा दगड बुडबुडे सोडत पडला होता. बाबांच्या हनुवटीवर तुरटी फासलेली होती. आणि या सगळ्याचं मूळ कारण दाराआड उभं होतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आमची कॉलनी बायपासच्या पलीकडची. शहर आमच्यापर्यंत येऊन पोचलं होतं, प्लॉटच्या जाहिराती आल्या होत्या, दोन मंगल कार्यालयंसुद्धा आली होती. पाईपलाईन तेवढी वाटेत कुठंतरी थांबली होती. चार दिवसांनी टँकर यायचा आणि ज्याचा पाईप आधी लागेल त्याची टाकी आधी भरायची.

त्या सोमवारी आमचा पाईप टँकरच्या तोटीवर बसेना. टोकाला चिरला होता.

"चिरलेला भाग कापून टाका ताई," टँकरवाला म्हणाला. "नायतर मी म्होरं चाललो."

"अगं, काहीतरी आण कापायला!" आई गल्लीतून ओरडली.

सुरी स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकघर आत होतं. बेसिन दाराशीच होतं आणि बेसिनच्या फळीवर आजोबांचा वस्तरा होता. मी तो उचलला, पाईप कापला, तोटीवर बसवला. टाकी काठोकाठ भरली.

"पोरगी बोलत नाही, पण कामाची आहे," आई शेजारच्या काकूंना म्हणाली.

आई माझं असं चारचौघांत कौतुक साधारण दहा वर्षांतून एकदा करते. त्यानंतर लगेच "पण आई, मी तो..." असं म्हणणं मला जमलं नाही. मी वस्तरा पुसून जागेवर ठेवला. पुसताना पात्यावर बोट फिरवलं, तर एका जागी किंचित अडलं. पाईप साधा नव्हता, आत जाळी असलेला होता. मी दुसऱ्यांदा बोट फिरवलं नाही. काही गोष्टी नक्की माहीत नसलेल्या बऱ्या.

आता वस्तऱ्याबद्दल. तो आजोबांचा. देवगाव रंगारीहून शहरात येताना त्यांनी आणलेल्या वस्तूंपैकी हा आणि तो दगड, एवढंच उरलेलं. बाबा रोज त्यानंच दाढी करतात. वर्षातून दोनदा शहागंजातले रशीदचाचा त्याला धार लावून देतात. आजोबांच्या वेळेपासून तेच. या खेपेची धार त्यांनी मागच्याच आठवड्यात लावली होती.

मंगळवारी बाबांची हनुवटी कापली. बुधवारी गाल. गुरुवारी त्यांनी माळ्यावरून दगड काढला.

दगडाचं शास्त्र असं, की आधी तो बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायचा. मग घासताना वरून पाणी. मग त्यावर जमलेला चिखल धुवायला पाणी. बाबा पाटबंधारे खात्यात नोकरीला. दोन दिवसांत चार बादल्या गेल्यावर आई म्हणाली, "खात्यातलं पाणी संपलं म्हणून घरातलं उपसायला लागले." मी पाईप कापून भरलेलं पाणी, मी बिघडवलेल्या वस्तऱ्यावर ओतलं जात होतं. हिशोब अगदी बरोबर जमत होता, फक्त तो मला एकटीलाच दिसत होता.

रविवारी श्यामकाका आले. ते बाबांचे धाकटे भाऊ, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये असतात, आणि घरात बिघडलेली कुठलीही वस्तू त्यांना वास आल्यासारखी कळते.

"दादा, दगडाचा जमाना गेला आता. फिल्म वापर." त्यांनी पिशवीतून पातळ प्लास्टिकचे चकचकीत कागद काढले. त्यावर म्हणे डोळ्यांना न दिसणारी बारीक रेती असते. "काचेवर चिकटवायची, दोन थेंब पाणी, बास."

"दोन थेंब?" आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिथंच तिचं मत ठरलं.

"आणि टिकते किती तुझी फिल्म?" बाबांनी विचारलं.

"आठ-दहा वेळा. मग फेकायची, नवी लावायची."

"हा दगड आपल्या नानांच्या हातचा आहे." (आजोबांना ते दोघं नाना म्हणायचे.)

"म्हणून तर मधे खड्डा पडलाय दादा. त्याच्यात वस्तऱ्याला धार नाय लागायची. म्हैस बसंल."

बाबांना ते लागलं. पण प्रयोग तर करायचा ठरला. काचेसाठी काकांनी भिंतीवरची फ्रेम उतरवली. (त्यात माझं सुंदर हस्ताक्षराचं प्रशस्तिपत्रक होतं. घराला माझा एवढाच अभिमान होता, तोही गेला.) फिल्मबरोबरचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. एवढे पैसे भरून इंग्रजी शाळेत घातलेली मुलगी अखेर कामी आली.

मी वाचून मराठीत सांगत गेले. काच ओली करा. बुडबुडा राहू देऊ नका. पातं आडवं ठेवा, जोर देऊ नका. चौथी ओळ होती: पात्याला दाता पडला असेल, म्हणजे धारेचा कण उडाला असेल, तर ही फिल्म वापरू नका, ती कापली जाईल.

मी पाचव्या ओळीवर गेले.

पहिली फिल्म उभी फाटली. "हात हलला तुझा," बाबा समाधानानं म्हणाले. दुसरीही फाटली. तिसऱ्या फिल्मच्या वेळी काकांनी श्वास रोखून धरला. ती मधोमध दोन भाग होऊन पडली. काकांनी फिल्मकडे बघितलं, वस्तऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी माहितीपत्रकाची घडी घालत होते. फार बारीक घडी.

"दादा, चूक फिल्मची नाय," काका सावकाश म्हणाले.

"दगडाचीही नाही," बाबा म्हणाले.

तीन तासांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत होत होतं. मी देवाचं नाव घेतलं.

"त्या म्हाताऱ्यानंच वाट लावली असणार," काका म्हणाले. "धार लावताना पाडला असंल, अन् गुपचूप दिला."

"व्हय, तसंच झालं असणार. चल, विचारूच." बाबा उठले. "तनू, स्कूटी काढ."

शहागंजात रशीदचाचांचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक आरसा आणि दारात टांगलेला चामड्याचा पट्टा. एका गिऱ्हाइकाचा अर्धा चेहरा साबणात होता. आणखी दोघं बाकावर वाट बघत होते. मी दाराच्या चौकटीला चिकटले.

बाबांनी वस्तरा पुढं केला. चाचांनी पातं नखावरून फिरवलं. टक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पातं उजेडात धरलं, पुन्हा नखावरून फिरवलं.

"दाता पड गया साब. कायकू पड गया?"

"ते तुम्हीच सांगा," काका म्हणाले. "तुमच्याकडंच तर होता."

"मेरे पास से तो चंगा गया था मियाँ."

"चाचा, वय झालं तुमचं आता," बाबा म्हणाले. वाईट आवाजात नाही, समजुतीच्या आवाजात. ते जास्त वाईट होतं. "होतं असं. नजर कमी होते, हात कापतो."

बाकावरचा एक जण उठला आणि "जरा जाऊन येतो" म्हणत निघून गेला. साबणातला माणूस खुर्चीत सरळ होऊन बसला. त्यानं आरशात चाचांच्या हातांकडं बघितलं.

चाचांनीही बघितलं. मग वस्तरा मिटवून दोन्ही हातांनी बाबांपुढं धरला. "हौ साब, हो सकता. नजर का भरोसा नै अब. आपके वालिद का उस्तरा था. माफ करना."

शाळेत वक्तृत्व स्पर्धा असली की मला ताप यायचा, आणि तो थर्मामीटरवर दिसायचासुद्धा. आत्ता तापाला वेळ नव्हता. बाबा वस्तरा घ्यायला हात पुढं करत होते, काका आणखी काही बोलण्यासाठी तोंड उघडत होते, आणि साबणातला माणूस मानेवरचा टॉवेल सोडायला लागला होता.

"थांबा," असं कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी दाराकडं बघितलं. मीही मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

मग मी आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं, दोन खुर्च्यांच्या त्या सभागृहात.

"चाचा, तुमची धार एकदम चांगली होती," मी म्हणाले. "मी त्यानं टँकरचा पाईप कापला. जाळीवाला होता, तरी एका झटक्यात."