पाचवं शील आणि रविवारचं चिकन

आमच्याकडे रविवारचा स्वयंपाक नवरा करतो. म्हणजे तो करतो आणि ओटा मी पुसते. त्या रविवारी त्याने चिकन रेड वाइनमध्ये शिजवलं. ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून आणलेली बाटली आमच्या खराडीच्या फ्लॅटमध्ये कधीची धूळ खात पडली होती. आम्ही दोघंही पीत नाही, मग वाया कशाला घालवायची, हा त्याचा नागपुरी हिशेब. "उकळली की सगळं उडून जातं, व्हिडिओत दाखवलंय," तो म्हणाला. झालं! व्हिडिओत दाखवलं म्हटल्यावर पुढे बोलायची सोयच नाही.

लेक दुसरीत आहे. एरवी दोन घासांसाठी अख्खं घर नाचवते. त्या दिवशी मागून मागून खाल्लं आणि वाटीसुद्धा चाटली. मला काय, आनंदच झाला.

संध्याकाळी खडकीहून आई आली. दर रविवारी येते, नातीला घेऊन बुद्धमूर्तीपुढे बसते आणि दोघी पंचशील म्हणतात. प्रत्येक शीलाचा अर्थ आई तिला मराठीत सांगते. पाचवं, मद्याचं, सांगताना तिचा आवाज जरा बदलतो. माझे वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि दारूनेच गेले. मध्येच कधी ते सोडायचे, आठ-पंधरा दिवस. मग त्यांना कशालाच चव लागायची नाही. आई जीव ओतून रांधायची आणि ते ताट पुढे सरकवायचे, "ह्याला मजा नाही." आई त्यात चिमूटभर मीठ घालायची, ताट परत त्यांच्यापुढे करायची आणि म्हणायची, "आता बघा." कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या बाकीच्या आया सर्दी झाली की पोरांना चमचाभर ब्रँडी द्यायच्या. आमच्या छातीवर मात्र ओव्याची पुरचुंडीच.

तर त्या संध्याकाळी पंचशील संपल्यावर लेकीने विचारलं, "आजी, वाइन पाचव्यात येते का गं? बाबांनी चिकनमध्ये घातली होती."

नवऱ्याने वाफ कशी उडते ते हातवारे करून समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं. "असेल हो जावईबापू," म्हणाली, आणि मग नातीकडे वळून एवढंच विचारलं, "तुला आवडलं का?"

"खूऽऽप! परत करायला सांग ना!"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. चहा न घेताच ती निघाली.

मी आधी नवऱ्यावर भडकले. मग आईवर, की एवढं काय झालं? मग लेकीवर, जिचा काडीचाही दोष नव्हता. नेटवर बघावं तर एक जण म्हणतो सगळं उडतं, दुसरा म्हणतो थोडं राहतंच. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "एवढ्याने काही होत नाही. पण द्यायचं कशाला?" अहो, म्हणजे नक्की काय समजायचं मी? आणि माझा खरा प्रश्न तो नव्हताच. तिला त्यात नेमकं आवडलं काय? लोणी? टोमॅटो? की ते? तिचं नाक आजोबांवर गेलंय असं सगळे कौतुकाने म्हणतात. नाकाबरोबर आणखी काय काय येतं, हे मी कुणाला विचारू?

पुढच्या रविवारी आई सकाळीच हजर झाली, हातात पिशवी. "ते चिकन आज मी करते. काय काय घातलं होतं ते सांगा." नवऱ्याने निमूट कांदे सोलले. वाइनच्या जागी आईने काळ्या द्राक्षांचा रस काढून घातला. रंग तसाच आला. मी चाखून बघितलं, खरं सांगते, नवऱ्याच्यापेक्षा चांगलं झालं होतं.

लेक जेवायला बसली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. नवरा भरलेलीच पाण्याची बाटली पुन्हा भरायला उठला. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ताट पुढे सरकवलं.

"आजी, ह्याला मजा नाही."

हे वाक्य मी या घरात कधी उच्चारलेलं नाही. आजोबा तिने फोटोतच पाहिलेत. "अगं, मुलं काय, कशालाही असंच म्हणतात!" मी म्हणाले, आणि फारच मोठ्याने म्हणाले. माझं मलाच पटलं की नाही, अजून कळत नाही.

आईने ताट स्वतःकडे ओढलं, चिमूटभर मीठ घातलं, बोटाने नीट कालवलं आणि परत नातीपुढे केलं.

"आता बघ," ती म्हणाली.