रिकाम्या गाडीला हात

लिमरिक जंक्शन हे स्टेशन लिमरिक शहरात नाही, हे मला तिथे उतरल्यावर कळलं. सँट्रीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये लॉकडाऊनचं वर्ष एकट्याने काढून मी पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो. पुढच्या गाडीला तास होता. फलाटावर मी आणि पिवळ्या जाकिटातला एक म्हातारा रेल्वेवाला, दोघंच. गाडी आली की तो टोपी सारखी करायचा आणि हात करायचा. डबे सगळे रिकामे. शेवटी राहवेना.

"रिकाम्या गाडीला हात कशाला करता?"

"ड्रायव्हर असतो ना आत," तो म्हणाला. "वर्षभर त्याला तरी कोण भेटलंय?"

माझी गाडी सुटली. डब्यात मी एकटाच. ड्रायव्हर केव्हाच पुढे गेला होता, तरी माझी खिडकी समोरून जाईपर्यंत म्हाताऱ्याचा हात वरच होता.